फारखत आणि समेटाचे पत्र

परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली ते पुरे झाले. त्याची लांबी सव्वाचार किलोमीटरांच्या घरात आहे, उंची सुमारे ५१ मीटर आहे आणि बांध मातीचा आहे. पायथ्याच्या वीजगृहात साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. तेथून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वरच्या धरणात जाते आणि पुढे कालव्याने परभणी, हिंगोली व नांदेड ह्या जिल्ह्यांतील शेतांकडे वळते. सहलीस गेलेल्या कुटुंबाला जलाशय दिसतो, सांडव्याचे दरवाजे दिसतात, मुलांना मासे दिसतात. परंतु मातीचे असे काम आणखी एका बांधावर उभे असते आणि तो बांध कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. तो असतो कागदांचा. मोजमाप पुस्तके, चालू बिले, अंतिम बिल आणि ह्या सर्वांच्या मागेपुढे धावणारी पत्रे मिळून तो बांध तयार होतो.

आजच्या भाषणाचा विषय त्या पत्रांपैकी एका विशिष्ट जातीच्या पत्राचा आहे. बिलाच्या पैशाविषयी तंटा पडला, तो सामोपचाराने मिटावा म्हणून एका पक्षाने दुसऱ्यास पत्र लिहिले, त्यात थोडीशी माघार घेतली, आणि एवढे करूनही तंटा मिटला नाही. पुढे प्रकरण न्यायालयात किंवा लवादापुढे गेले. तेथे ते पत्र लिहिणाऱ्याच्याच गळ्यात पडते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. ते कसे वळणे घेत जाते हे पाहिल्यास घर बांधावयास काढलेल्या कोणाही गृहस्थाला त्याचा उपयोग होईल, कारण बिलाचा तंटा पडण्यास धरणच लागते असे नाही.

मातीकामात तंटे का होतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. खोदाईचा दर सर्वत्र सारखा नसतो. नुसत्या मातीचा दर एक, मुरुमाचा त्याहून अधिक, मऊ खडकाचा आणखी अधिक, आणि ज्यास सुरुंग लावावा लागतो त्या कठीण खडकाचा सर्वांत अधिक. मराठवाड्यातील काळ्या जमिनीच्या खाली मुरूम कोठे संपतो आणि खडक कोठे सुरू होतो, हे खोदल्यावाचून कळत नाही. आणि खोदून, अस्तर घालून, माती दाबून झाल्यावर पुन्हा पाहावयाचे म्हटले तरी दिसत नाही. झाकले गेलेले काम म्हणजे गेलेला साक्षीदार. शाखा अभियंत्याने मोजमाप पुस्तकात 'मऊ खडक' लिहिले आणि गुत्तेदाराच्या मते तो 'कठीण खडक' होता, तर उरतो तो दोघांचा पत्रव्यवहार. (मराठवाड्यात कंत्राटदारास गुत्तेदार म्हणतात, हा शब्द ह्या भाषणात मुद्दामच ठेवला आहे.)

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. पूर्णेच्या कालव्यावर खोदाई व अस्तर ह्यांचे काम एका लहान गुत्तेदाराने घेतले. काम संपले. त्याच्या हिशेबाने शेवटचे येणे १८ लाख रुपये. कार्यालयाच्या मोजमापाने ११ लाख. मुकादमाचा आठवड्याचा बटवडा थकलेला, डिझेलवाल्याची उधारी थकलेली, अनामत रक्कम कार्यालयात अडकलेली. अशा स्थितीत चार पत्रे लिहिली जातात. पहिल्यात गुत्तेदार म्हणतो, माझे येणे १८ लाख आहे, पण एका महिन्यात १४ लाख देत असाल तर उरलेले सोडून देईन. दुसऱ्यात कार्यालय म्हणते, ११ लाख मान्य आहेत; खडकाच्या वर्गवारीबद्दल मतभेद आहे; तरी तंटा मिटावा म्हणून दीड लाख अधिक देण्याचा विचार करता येईल. ती बोलणी फिसकटतात. तिसरे पत्र म्हणजे छापील नमुना: ११ लाख पूर्ण व अंतिम मिळाले, ह्या कामाबद्दल आता काहीही येणे राहिले नाही. त्यावर गुत्तेदाराची सही. चौथे पत्र गुत्तेदाराचे: मागील सही नाइलाजाने केली, उरलेल्या सात लाखांवरील हक्क मी सोडलेला नाही.

ह्या चार पत्रांस कायद्याने चार निरनिराळ्या तऱ्हांनी वागविले आहे. सामान्य माणूस मात्र ती सारी एका दोऱ्यात ओवून फायलीत लावतो. तेथेच घोटाळा सुरू होतो.

पहिल्या पत्राकडे पाहू. गुत्तेदाराने १४ लाख घेण्याची तयारी दाखविली. ह्याचा अर्थ त्याचे खरे येणे १४ लाखच आहे असा होतो काय? कार्यालयाचा वकील तसेच म्हणेल. परंतु जेम्स फिट्झजेम्स स्टीफन ह्याने तयार केलेल्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ह्यासाठी २३ वे कलम होते. दिवाणी प्रकरणात एखादी कबुली पुराव्यात आणावयाची नाही अशा स्पष्ट अटीवर दिली असेल, किंवा तसे उभय पक्षांत ठरले होते असे अनुमान परिस्थितीवरून न्यायालयास काढता येत असेल, तर ती कबुली पुराव्यात घेता येत नाही, असा त्या कलमाचा आशय. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्यात हीच तरतूद २१ व्या कलमात आहे. क्रमांक बदलला, तत्त्व बदलले नाही.

त्या तत्त्वामागील व्यवहारज्ञान उघड आहे. तडजोडीच्या बोलण्यात माणूस हात सैल सोडतो. बाजारातील घासाघिशीत 'बरे, ऐंशीला द्या' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाने त्या वस्तूची किंमत ऐंशी असल्याची साक्ष दिलेली नसते. तसे धरले जाऊ लागले तर कोणीही घासाघीस करणार नाही आणि प्रत्येक तंटा शेवटच्या पैपर्यंत न्यायालयातच लढला जाईल. म्हणून समेटाची बोलणी बाहेर जाऊ नयेत ही केवळ दोन पक्षांची सोय नसून सार्वजनिक धोरणाची बाब आहे, असे न्यायालयांनी मानिले.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. पत्राच्या माथ्यावर 'आमच्या हक्कांस बाध न येता' असे ठळक लिहिले की पत्रास कवच चढले, अशी अनेकांची, आणि काही कार्यालयांचीही, समजूत असते. काही ठिकाणी तर हा शिक्का दरपत्रकावरही मारलेला आढळतो. न्यायालय शिक्का पाहते, पण तेवढ्यावर थांबत नाही. तंटा खरोखर अस्तित्वात होता काय, आणि हे पत्र तो मिटविण्याच्या प्रयत्नाचा भाग होते काय, हे ते पाहते. दोन्ही असतील तर शिक्का नसला तरी रक्षण मिळू शकते. दोन्ही नसतील तर शिक्का असूनही मिळत नाही. तथापि शिक्का मारणे निरर्थक आहे असे मात्र नव्हे. परिस्थितीवरून अनुमान काढण्याचा न्यायाधीशाचा त्रास त्याने वाचतो, आणि लिहिणाऱ्याचा वादही.

बांधकामाच्या पैशासंबंधी ह्या विषयावरील सर्वांत गाजलेला निवाडा इंग्लंडमधील आहे. रश अँड टॉम्पकिन्स नावाच्या मुख्य कंत्राटदार कंपनीने ग्रेटर लंडन कौन्सिलसाठी ६३९ घरे बांधण्याचे काम घेतले होते. तिच्या हाताखाली जमिनीच्या कामासाठी केरीज हा उपकंत्राटदार होता. काम लांबले, खर्च वाढला, मागण्या झाल्या. पुढे मुख्य कंत्राटदार आणि कौन्सिल ह्यांचा आपसांत समेट झाला. कौन्सिलने १२ लाख पौंड दिले आणि उपकंत्राटदारांच्या मागण्यांची जबाबदारी मुख्य कंत्राटदाराने उचलली. त्या बोलण्यांत केरीजच्या मागणीची किंमत दोघांनी किती धरली होती, हे केरीजला हवे होते. कारण ती पत्रे हाती आली असती तर त्याचे अर्धे काम झाले असते. खालच्या न्यायाधीशाने नाही म्हटले, अपील न्यायालयाने हो म्हटले, आणि १९८८ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पुन्हा नाही म्हटले. समेट पुरा झाला तरी त्या बोलण्यांचे रक्षण संपत नाही, आणि त्याच कामाशी संबंध असलेल्या तिसऱ्या पक्षाविरुद्धही ते टिकते, असा तो निर्णय. उपकंत्राटदाराच्या दृष्टीने पाहिले तर हा निर्णय कठोर वाटतो, आणि तो कठोर आहेच. परंतु ज्या कामावर एक मुख्य कंत्राटदार आणि दहा उपकंत्राटदार असतात, तेथे एकाशी केलेली तडजोड उरलेल्या नवांच्या हाती शस्त्र म्हणून पडणार असेल, तर पहिली तडजोड होणारच नाही. लॉर्डांनी दोन अडचणींतली लहान अडचण पत्करली एवढेच.

ह्या नियमास अर्थात सीमा आहेत. त्यांपैकी मुख्य अशी की, बोलण्यांतून समेट झालाच नाही असे एक पक्ष म्हणत असेल आणि झाला असे दुसरा, तर ती पत्रे पाहिल्यावाचून गत्यंतर नसते. आपल्या उदाहरणात गुत्तेदाराने १४ लाख मागितल्यावर कार्यालयाने 'मान्य' असे उत्तर दिले असते, तर ती दोन पत्रे मिळून करार झाला असता, आणि करार सिद्ध करण्यासाठी ती दाखल करता आली असती. घासाघीस झाकलेली राहते. सौदा झाकता येत नाही. मात्र समोर शासन असेल तर येथे एक खोच आहे. घटनेच्या २९९ व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने आणि अधिकृत अधिकाऱ्याकडूनच व्हावा लागतो. शाखा अभियंत्याने साइटवर 'साहेब चौदा देतील' म्हटले, किंवा चिठ्ठीवर तसे लिहूनही दिले, तरी राज्य त्याने बांधले जात नाही. तसेच फायलीतील टिपणी. अधिकाऱ्याने टिपणीत 'मागणी रास्त दिसते' असा शेरा मारला आणि वर त्यास मान्यताही मिळाली, तरी तो निर्णय संबंधितास कळविला जाईपर्यंत निर्णय ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच बच्छित्तरसिंग प्रकरणात सांगितले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यामुळे अशा टिपण्यांच्या प्रती आता हाती येतात, आणि त्या हाती आल्या की गुत्तेदारास आपण जिंकलो असे वाटू लागते. पुराव्याच्या दृष्टीने ते तितके सोपे नाही.

दुसरे पत्र अधिक नाजूक आहे. त्यात तीन वाक्ये होती: अकरा लाख मान्य, वर्गवारीबद्दल मतभेद, समेटासाठी दीड लाख अधिक. शेवटचे वाक्य समेटाचे आहे, त्यास रक्षण आहे. पहिले वाक्य मात्र समेटाचे नाही. अकरा लाखांबद्दल तंटाच नव्हता. ज्याबद्दल तंटा नाही ती रक्कम मान्य करणे म्हणजे कर्जाची साधी कबुली होय, आणि ती समेटाच्या वाक्याशेजारी बसली म्हणून झाकली जात नाही. इंग्लंडमध्ये २००६ साली ब्रॅडफर्ड अँड बिंगली ह्या कर्जसंस्थेच्या खटल्यात हाच मुद्दा आला. कर्जदाराच्या वतीने लिहिलेल्या पत्रांत येणे बाकी असल्याचे गृहीत धरून, ते सारे फेडणे शक्य नाही, थोडी रक्कम घेऊन मिटवा, अशी विनंती होती. कर्जाविषयी वाद नव्हता, फक्त फेडण्याविषयी याचना होती. म्हणून ती पत्रे कर्जाची कबुली म्हणून वाचता आली.

आणि कबुलीस आपल्या कायद्यात एक मोठे फळ आहे. केलेल्या कामाच्या मोबदल्याचा दावा सामान्यतः तीन वर्षांत लावावा लागतो. परंतु १९६३ च्या मुदत कायद्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे, मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी व सहीनिशी जबाबदारी कबूल केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. कबुलीत नेमकी रक्कम नसली तरी चालते. देण्यास नकार जोडलेला असला, उलट मागणीचा उल्लेख असला, तरीही चालते. अंतिम बिलाच्या मागे लागून दोन-अडीच वर्षे हेलपाटे घालणाऱ्या माणसाचा दावा कित्येकदा अशा एका ओळीने जिवंत राहतो. येथे एक उलटा विनोद आहे. जो गुत्तेदार स्वतःच्या प्रत्येक पत्रावर 'हक्कांस बाध न येता' असे लिहितो आणि कार्यालयाकडूनही तशाच शिक्क्याची उत्तरे घेत राहतो, त्याच्यापुढे तीन वर्षांच्या शेवटी असा प्रश्न उभा राहू शकतो की, ह्या सबंध गठ्ठ्यात कबुली म्हणून दाखविता येईल असे उघडे पत्र एक तरी आहे काय? शहाणा वकील म्हणून दोन पत्रे लिहावयास सांगतो. हिशेबाचे पत्र निराळे आणि समेटाचे निराळे. पोस्टाचा खर्च तेवढा वाढतो.

आता तिसरे पत्र, म्हणजे ती सही. जुन्या मराठी दप्तरांत ह्याला नेमका शब्द होता: फारखत. देणेघेणे मिटले, आता एकमेकांवर दावा नाही, असे लिहून देणे म्हणजे फारखत. आणि हिशेब पुरा झाला की तो बेबाक झाला असे म्हणत. शब्द अरबी-फारशीतून आले, पण येथील सावकारी आणि वतनी व्यवहारात ते इतके रुळले की मराठीच झाले. आजच्या छापील नमुन्यातील 'पूर्ण व अंतिम' हे शब्द त्या फारखतीचेच नवे रूप आहे.

फारखतीचे बळ आपल्या देशात इंग्लंडहून अधिक आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. इंग्रजी कायद्याची जुनी परंपरा अशी की, शंभर पौंड नक्की देणे असता पन्नास घेऊन धनको 'फिटले' म्हणाला, तरी नव्या मोबदल्यावाचून उरलेले पन्नास फिटत नाहीत. १८८४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने हेच पुन्हा ठरविले. आपला १८७२ चा करार कायदा ह्या वाटेने गेला नाही. त्याच्या ६३ व्या कलमाखालील एका उदाहरणात पाच हजारांच्या कर्जापोटी धनकोने दोन हजार पूर्ण फेड म्हणून स्वीकारले, आणि सारे कर्ज फिटले. सोडून देण्यास येथे मोबदला लागत नाही; स्वेच्छेने स्वीकारले की पुरे.

महाराष्ट्रातील एक कंत्राटी तंटा ह्याच रस्त्याने गेला. महाराष्ट्र राज्य विरुद्ध नवभारत बिल्डर्स ह्या प्रकरणात वाढीव मजुरीबद्दल कंत्राटदाराची मागणी होती. शासनाने त्यापोटी जे देऊ केले ते कंत्राटदाराने बिनशर्त स्वीकारले, आणि नंतर उरलेल्याबद्दल लवाद मागितला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मिटलेल्या मागणीबद्दल आता तंटाच शिल्लक नाही, मग लवाद कशाचा? १९९४ साली पी. के. रामय्या आणि कंपनी विरुद्ध राष्ट्रीय औष्णिक विद्युत निगम ह्या निवाड्यातही अंतिम मोजमाप मान्य करून पूर्ण फेडीची पावती देणाऱ्या कंत्राटदारास हेच उत्तर मिळाले. आणि १९९५ साली नाथानी स्टील्स प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, एकदा झालेला समेट रीतसर रद्द करून घेतल्याशिवाय, तो चुकीने झाला असे नुसते म्हणून लवादाचे दार ठोठावता येणार नाही.

हे निवाडे वाचले की येलदरीच्या आपल्या गुत्तेदाराचे प्रकरण संपल्यासारखे वाटते. पण कायदा तेथेच थांबला नाही, कारण पावती कशी घेतली जाते हे न्यायाधीशांच्याही कानावर येत होते. आधी सही, मग धनादेश. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण ज्याने प्रथम काढली त्याचेही एखादे बिल कोठे अडकले असावे.

२००४ साली रेश्मी कन्स्ट्रक्शन्स ह्या केरळमधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक सही आली. औष्णिक निगमाच्या कामाचे अंतिम बिल कंत्राटदाराने 'आता मागणी नाही' अशा दाखल्यासह सही करून दिले. परंतु त्याच दिवशी त्याने निराळे पत्र लिहून कळविले की, ही सही दडपणाखाली केली आहे आणि आपले हक्क राखून ठेवले आहेत. न्यायालयाने लवादाचा मार्ग मोकळा ठेविला. त्या प्रकरणात सर्वांत बोलके होते ते पत्राचे अक्षर नव्हे, तर त्याची तारीख.

पुढे २००८ सालच्या बोघारा पॉलिफॅब निवाड्यात न्यायमूर्ती रवींद्रन ह्यांनी ह्या साऱ्या प्रश्नाची नीट घडी घातली. ते प्रकरण विम्याचे होते, पण समजावून सांगण्यासाठी त्यांनी जी उदाहरणे दिली त्यांतील एक कंत्राटदाराचेच आहे. कंत्राटदाराची मागणी दहा लाखांची; मालक मान्य करतो सहा; आणि सांगतो की, सहा लाख पूर्ण फेड म्हणून मिळाले अशी पावती दिल्याखेरीज तेही सोडणार नाही. पैशाच्या तंगीमुळे कंत्राटदार सही करतो. ही फेड स्वेच्छेची नव्हे, म्हणून तंटा मिटलेला नाही, असे न्यायालय म्हणते. त्याच यादीत उलट बाजूचेही उदाहरण आहे: बोलणी होऊन दोघांनी स्वखुशीने कमी रकमेवर मिटविले, तर नंतर मागे फिरता येत नाही. दोन्ही उदाहरणांतील पावतीचे शब्द सारखेच असू शकतात. मान्य असलेली रक्कम अडवून ठेवून सही घेतली काय, एवढ्यावर सारा फरक पडतो.

आपल्या गुत्तेदाराचे चित्र ह्या उदाहरणाशी किती जुळते ते श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. आणि आता दुसऱ्या पत्राचे महत्त्वही निराळ्या बाजूने उघडते. 'अकरा लाख मान्य' हे कार्यालयाचेच वाक्य आहे. जी रक्कम आपण मान्य केली होती तीच देताना तुम्ही साऱ्या हक्कांची फारखत का मागितली, हा प्रश्न कार्यालयास विचारता येतो. समेटाच्या त्या पत्रातील उघडा राहिलेला भाग येथे गुत्तेदाराच्या मदतीस धावतो.

तरीही चौथ्या पत्रावाचून हे सारे लंगडे आहे. दडपण होते असे नुसते म्हणून भागत नाही, हे २०११ सालच्या मास्टर कन्स्ट्रक्शन निवाड्याने बजावले. लष्करी बांधकामाचा तो कंत्राटदार 'मागणी नाही' असे दाखले देत गेला, अंतिम बिलाचे पैसे घेतले, बँकेची हमी सोडवून घेतली, आणि मग मागण्या पुढे केल्या. दडपणाचा तपशील नाही, पुरावा नाही. न्यायालयाने ते सोंग ओळखले. म्हणजे निषेधाचे पत्र कधी गेले, हा प्रश्न उरतोच. धनादेश वटण्यापूर्वी, त्याच दिवशी, की सहा महिन्यांनी एखाद्या मित्राने सुचविल्यावर? पोचपावती आहे काय? त्यात मजुरांचा थकलेला बटवडा, अडकलेली अनामत, सही केल्याशिवाय पैसे सोडणार नाही असे कोणत्या तारखेस कोणी सांगितले, हे लिहिले आहे काय? जुन्या गुत्तेदारांपैकी काही अंतिम बिलावरच 'हरकत राखून' असे दोन शब्द लिहून सही करीत. कारकून ते खोडावयास सांगतो, आणि खोडावयास सांगितले गेले हेच पुढे दडपणाचा पुरावा ठरण्यासारखे असते. अडचण एवढीच की, खोडल्यावर ते कोणास दिसत नाही. म्हणून निराळे पत्र बरे.

हा निर्णय कोणी करावयाचा, न्यायालयाने की लवादाने, ह्याबद्दल कित्येक वर्षे मतभेद होते. जुलै २०२४ मध्ये क्रिश स्पिनिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पूर्ण फेड झाली की नाही हाही एक तंटाच आहे, आणि लवादाचा करार असल्यास तो लवादानेच सोडवावा. लवाद नेमतेवेळी न्यायालयाने त्यात खोलवर शिरू नये. मोठ्या कंपन्यांस ह्यामुळे दार उघडे झाले हे खरे. कालव्यावरील लहान गुत्तेदाराच्या करारात लवादाचे कलमच नसले, किंवा वरिष्ठ अभियंत्याचा निर्णय अंतिम असे म्हणणारे कलम असले, तर त्याला दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. आणि तेथे तारखांचा मुक्काम किती असतो हे कोणी सांगावयास नको.

समेटाच्या पत्राचे आणखी एक नवे फळ आहे, ते सांगितले पाहिजे. लवाद कायद्यात २०१५ साली ३१ अ हे कलम घालण्यात आले. कोणी कोणास खर्च द्यावा हे ठरविताना, एका पक्षाने समेटाची रास्त सूचना केली होती आणि दुसऱ्याने ती नाकारली, ही गोष्ट आता विचारात घ्यावयाची असते. म्हणजे पहिले पत्र, ते १४ लाखांचे, येणे किती हे ठरविण्यासाठी पाहता येणार नाही. परंतु निवाडा १५ लाखांचा झाला, तर खर्चाच्या वेळी गुत्तेदार म्हणू शकेल की, मी चौदाला तयार होतो, ह्यांनीच दोन वर्षे ओढले. त्यासाठी इंग्लंडमधील वकिलांनी पत्राच्या माथ्यावरील शिक्काच बदलला: हक्कांस बाध न येता, खर्चाचा प्रश्न वगळून. आपल्याकडेही असे लिहिण्यास हरकत नाही, आणि ते मराठीत लिहिण्यासही नाही. न्यायाधीश शिक्क्याची भाषा पाहत नाही, त्याचा आशय पाहतो.

राहता राहिला तो मुकादम. त्याच्या मजुरांची हजेरी त्याच्या वहीत आहे, गुत्तेदाराने त्याला 'साहेबांकडून आले की देतो' असे सांगितले आहे, आणि गुत्तेदार व कार्यालय ह्यांच्यात काय पत्रे गेली हे त्याला कोणी दाखविणार नाही. रश अँड टॉम्पकिन्सच्या निवाड्यातील तत्त्व लावले तर न्यायालयही दाखवावयास लावणार नाही. त्याचे स्वतःचे पत्र मात्र कोणी अडविलेले नाही. काम कोणत्या साखळीपासून कोणत्या साखळीपर्यंत झाले, किती हजेरी भरली, किती उचल मिळाली आणि किती राहिले, एवढे लिहून त्याखाली गुत्तेदाराची सही काम संपण्याच्या दिवशीच घेतली, तर त्या कागदावर कोणताही शिक्का लागत नाही.